नडगी का दुखते?

माझा दादा अग्निवीर भरतीची तयारी करीत आहे. तो पहाटे रुक्मिणीमातेच्या मंदिरापासून डांबरी सडकेने धावतो. मी घड्याळ धरतो. भरतीत १.६ किलोमीटर, म्हणजे मोठ्या मैदानाच्या चार फेऱ्या, साडेपाच मिनिटांत धावल्या तर ६० पैकी ६० गुण. दहा बीम काढले की ४० गुण. शिवाय ९ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडावा लागतो.

दादाला सहा मिनिटे लागत. म्हणून तो एकदम दोन्ही वेळ धावू लागला. मग त्याची नडगी दुखू लागली. मला म्हणे, "मायले सांगू नको बे." पण तो लंगडायला लागला, तेव्हा मी सांगून टाकले. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

डॉक्टरांनी आम्हाला समजावले. हाड जिवंत असते बरं का! धावल्याने ते आतून थोडे झिजते आणि विश्रांतीत भरून निघते, उलट मजबूत होते. भरायला वेळच दिला नाही तर बारीक चीर पडते. सुरुवातीला ती एक्स-रेमध्येही बहुधा दिसत नाही. सैन्यात नव्या जवानांनाही हे होते, कारण तिथे धावणे, कवायत, पाठीवर ओझे घेऊन चालणे सगळे एकदमच सुरू होते. जर्मनीकडच्या प्रशिया देशातील लष्करी डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली शिपायांच्या सुजलेल्या पावलांबद्दल लिहिले होते. एक्स-रेचा शोध १८९५ चा, मग त्यांना चीर कशी दिसणार?

दादाला सहा आठवडे धावायचे नाही. घड्याळ माझ्या दप्तरात आहे.