खेळातली किल्ली: हरवते, पण विकली जात नाही

श्रोतेहो, दिवाळी आटोपली की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कित्येक पोरे मागे आजीजवळ राहतात, आणि हाती मोबाइल असतो. त्यावरच्या ऑनलाइन खेळांतला एक नियम आज सांगायचा आहे. तो ठाऊक नसला तर उचलीतले पैसे भामट्याच्या खात्यात जायला वेळ लागत नाही.

काही खेळांत मुलगा एका पात्राचे सोंग घेतो. तिथला कुणी म्हातारा त्याला कामगिरी देतो: डोंगरापलीकडच्या गुहेतून किल्ली आण. हिला 'क्वेस्ट' म्हणतात. वाटेत मिळणारे लाकूड, झाडपाला, साधी तलवार हा माल खेळाडू आपसांत खुशाल विकतात. किल्ली मात्र सहसा विकता येत नाही, कुणाला देताही येत नाही. का बरं? ती केलेल्या कामाची खूण आहे. बाजारात मिळू लागली तर गुहेत जाईल कोण?

मास्तरांना हे नवे वाटू नये. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळा शिक्षण हमी कार्ड देते. ते दाखवून तो कारखान्याजवळच्या शाळेत बसतो. ते शेजारच्या पोराला विकून भागेल का?

मग किल्ली हरवली तर? २००१ साली निघालेल्या 'रूनस्केप'मध्ये अशा पुष्कळ वस्तू देणाऱ्याकडेच पुन्हा मागता येतात. काही मात्र पुन्हा खपून आणाव्या लागतात. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये कामगिरी सोडली की तिच्या वस्तू पिशवीतून जातात, आणि कामगिरी पहिल्यापासून घ्यावी लागते.

साध्या मालाच्या अदलाबदलीतही लबाडी चालतेच. ऐनवेळी माल बदलणारे निघाले, म्हणून 'रूनस्केप'मध्ये सौद्याला दोनदा होकार द्यावा लागतो. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरला, तरी दावे हाती घेण्याआधी आपण बैलाचे दात पुन्हा पाहतोच की!

तेव्हा 'पाचशे रुपये पाठव, तुझी किल्ली देतो' असे कुणी अनोळखी म्हणाला, तर ओळखावे, की ज्या खेळात ती देण्याची सोयच नाही तिथे तो देणार काय? 'पासवर्ड सांग, मी काम करून देतो' हे त्याहून वाईट. बहुतेक कंपन्यांना ते चालत नाही. खातेच बंद होऊ शकते.

पैसे गेलेच तर पोराला मारत बसू नये. माराच्या भीतीने मुले चार दिवस गप्प बसतात, तेवढ्यात पैसे कुठल्या कुठे जातात. लागलीच १९३० या क्रमांकावर फोन करावा, आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा.