बतावणीचा हरवलेला खेळ

प्रेक्षकांनीं विषय पुकारावा आणि नटांनीं संहितेवांचून त्याच क्षणीं त्यावर विनोदी प्रवेश उभा करावा, असा एक खेळ विलायतेंत १९८८ सालीं प्रथम नभोवाणीवर व त्याच वर्षीं दूरचित्रवाणीवर सुरू झाला. ‘हूज लाइन इज इट एनीवे?’ हें त्याचें नांव. तो पाहून ‘मराठींत असें कांहीं कां नाहीं?’ असें एखाद्याच्या मनांत येणें साहजिक आहे.

त्यानें लालबाग-परळकडे वळून पाहावें. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या या वस्तींत घांटावरून आलेल्या कामगारांमागोमाग तमाशाही आला. लालबागचें हनुमान थिएटर हें त्याचें हक्काचें ठिकाण होतें. गण, गौळण, बतावणी आणि वग हीं तमाशाचीं अंगें. पैकीं बतावणींत सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार यांच्यांत जे सवालजबाब झडत, त्यांचा सांगाडा तेवढा ठरलेला असे. शब्द त्या रात्रीं सुचतील ते. आपण पांढरपेशे मात्र ‘ग्राम्य’ म्हणून दाराबाहेरच थबकलों.

पुढें १९६५ सालीं वसंत सबनीस यांचें ‘विच्छा माझी पुरी करा’ हें लोकनाट्य रंगभूमीवर आलें आणि सुशिक्षित कुटुंबेंही त्याला गर्दी करूं लागलीं. त्यांतील दादा कोंडके (१९३२-१९९८) नायगांवच्या गिरणकामगार कुटुंबांतले. संहिता सबनिसांची, पण ताज्या राजकीय घडामोडींवर कोंडके रंगमंचावर उभ्या उभ्या जें बोलत, तें त्यांचें स्वतःचें. म्हणून एकदां पाहिलेला प्रयोग पुन्हां पाहावासा वाटे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि विनोद दिवाणखान्यांत आला. परंतु ध्वनिचित्रित कार्यक्रमांत चुकलेलें वाक्य कापतां येतें. आयत्या वेळच्या विनोदाची निम्मी गोडी तर ‘आतां हा फसतो कीं काय’ या धाकधुकींत असते!

१९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली. हनुमान थिएटरही उरलें नाहीं. सबनिसांची संहिता आजही वाचावयास मिळते, पण त्या त्या रात्रींचे आयत्या वेळचे शब्द प्रेक्षकांबरोबरच घरीं गेले. त्यांतले कांहीं आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस अजून आठवत असतील. रविवारीं जेवणें झाल्यावर त्यांना अवश्य विचारावें. आणि मग आजोबांनीं विषय द्यावा, नातवंडांनीं बतावणी करावी. कोणी अडखळलें तर हंसावें, पण थांबवूं नये.