दारातील जांभळी सदाफुली : पाणी बेताने, पाला तोंडात नको



लागण, खोडवा आणि खतमात्रा सोडून ऊस विकास विभागाने फुलझाडावर का लिहावे, असे आपल्याला वाटेल. त्याला कारण घडले. गेल्या उन्हाळ्यात खोडव्याची पाहणी करत आम्ही एका वस्तीवर थांबलो होतो. बोअर आटलेली. अंगणातील गुलाबाच्या काटक्या झालेल्या. पण भिंतीलगतची जांभळी सदाफुली भर एप्रिलात फुलांनी भरलेली. घरच्या काकू म्हणाल्या, "साहेब, हिला कोण पाणी घालतंय? भाजी धुतलेलं मिळतंय तेवढंच."

आम्ही कौतुक करतोय तोवर घरचे आबा आले. त्यांनी चार पानं खुडली आणि तोंडात टाकली. "साखरंवर औषध हाय हे. आता गोळ्या बंद केल्यात," म्हणाले. म्हणून आज या झाडाचे गुण सांगायचे आहेत आणि एक धोकाही सांगायचा आहे.

झाडाची ओळख

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची, पण आता गावोगाव आपलीच झाली आहे. शास्त्रीय नाव कॅथरॅन्थस रोझियस. फूल पाच पाकळ्यांचे, जांभळट गुलाबी किंवा पांढरे. झाड गुडघाभर, फार तर मांडीइतके वाढते. एकदा लावले की दोन-तीन वर्षे टिकते आणि जवळजवळ बारा महिने फुलते. हे कण्हेरीच्या कुळातले झाड आहे. पाला कडू असल्याने जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपण नसलेल्या अंगणातही ते टिकते.

लागवड

बी विकत घेण्याची गरज नाही. फुलाच्या मागे दोन-दोन बारीक शेंगा येतात. त्या पिवळट झाल्या की तडकण्यापूर्वी काढाव्यात. आत काळे, बारीक बी असते. पिशवीत माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समभाग भरून बी टाकावे व वर अगदी पातळ माती पसरावी. या बियाला उगवताना अंधार लागतो, म्हणून वर ओले पोते झाकावे. दहा-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. कोंब दिसले की पोते लगेच काढावे, नाहीतर रोपे लांबडी आणि पिवळी पडतात.

रोप चार-पाच बोटे झाले की एक-एक फुटावर लावावे. जागा उन्हाची हवी. सावलीत झाड वाढते, पण फूल कमी येते. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडला की फांद्या फुटतात, आणि जितके शेंडे तितकी फुले. शेणखत मूठभर पुरे. उसाचा उरलेला युरिया इकडे टाकू नये. पाला माजतो आणि फूल हटते.

पाणी : इथेच आपण चुकतो

आपण पाटपाण्याची माणसे. झाड मान टाकताना दिसले की आपला हात पाण्याकडे जातो. सदाफुली पाण्यावाचून जितकी मरत नाही, तितकी जास्त पाण्याने मरते. मुळाशी पाणी साचले की मुळे कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड सुकते. ते सुकलं म्हणून आपण आणखी पाणी ओततो, आणि झाड जातं. पाणथळ रानात उसाची पांढरी मुळी हवेवाचून मरते, तोच हा प्रकार.

म्हणून साधी खूण लक्षात ठेवा. दुपारी मान टाकलेली सदाफुली संध्याकाळी उभी राहिली, तर पाणी नको. सकाळीही ती सुकलेली दिसली आणि बोटभर खाली माती कोरडी लागली, तरच तांब्याभर पाणी घाला. पहिले तीन आठवडे दोन-तीन दिवसांआड पाणी द्यावे. पुढे जमिनीतल्या झाडाला कडक उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा बहुधा पुरते. कुंडी लवकर सुकते, तिच्याकडे जरा जास्त पाहावे. भारी काळ्या रानात सपाट जागी न लावता वरंब्यावर लावावे. पाटाच्या कडेला लावूच नये.

निगा

पावसाळ्यानंतर झाडाचा वरचा तिसरा हिस्सा छाटावा, म्हणजे नवी फूट येते. बुंधा लाकडी होऊन फुले कमी झाली की नवे रोप धरावे. पाने बारीक, पिवळी होऊन झुपका झाला किंवा फुलेच हिरवी येऊ लागली, तर तो रोग समजावा. उसातील गवताळ वाढ ज्या प्रकारच्या सूक्ष्म जंतूंमुळे होते, त्याच प्रकारच्या जंतूंचा हा रोग. तो तुडतुडे पसरवतात. औषध मारत बसू नये, झाड उपटून जाळावे. आणखी एक, उसात टू-फोर-डी मारलेला पंप फुलझाडांसाठी वापरू नये, कारण रुंद पानाच्या झाडांना ते मारते.

साखरेवर औषध आहे का?

आता आबांची गोष्ट. सदाफुलीच्या पाल्याने रक्तातली साखर उतरते, ही समजूत जमेका बेटावरही होती. १९५० च्या दशकात तिथला पाला कॅनडात रॉबर्ट नोबल या शास्त्रज्ञांकडे पोहोचला. त्यांनी उंदरांवर तपासणी केली. पाजलेल्या अर्काने साखर उतरली नाही. अर्क टोचला, तेव्हा मात्र रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. रोगाशी झुंजणाऱ्या पेशी त्याच.

या धाग्यावरून नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५८ साली विनब्लास्टीन हे कर्करोगावरील औषध जगापुढे आणले. याच झाडातल्या व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. पण शेकडो किलो वाळल्या पाल्यातून असे द्रव्य जेमतेम ग्रॅमभर निघते, ते शुद्ध केलेले असते, आणि डॉक्टर ते मोजून शिरेतून देतात. पाल्यात अशी इतरही अनेक द्रव्ये आहेत. आज चावलेल्या चार पानांत त्यांतले किती गेले, हे कोण मोजणार?

त्याहून मोठा धोका गोळ्या बंद करण्याचा. साखर वाढलेली कळत नाही, दुखत नाही. डोळे, मूत्रपिंड आणि पायाची जखम यांवर ती आतून काम करत राहते. ज्यांची गोळी सुटली असेल त्यांनी उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे. पाला खात असाल तर तेही डॉक्टरांना सांगावे, लपवू नये. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल, तर पाला त्यांच्या तोंडी जाऊ देऊ नये.

आबांना आम्ही दुसऱ्या दिवशी जीपमधून केंद्रावर नेले. साखर बरीच वाढलेली निघाली. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. सदाफुली अजून त्यांच्या भिंतीलगत आहे, आणि आता तिची फुलं काकू रोज देवाला वाहतात.

बी हवे असेल तर शेजारच्या अंगणातून दोन शेंगा मागून घ्या. कुणी नाही म्हणणार नाही.