पावशीचा गंज कसा घालवावा?

पावसाळा लागला की आपल्या नेर भागात भिंतींना ओल येते आणि फडताळातल्या पावशीवर, तव्यावर, अडकित्त्यावर तांबूस गंज चढतो. पुष्कळ घरी अशी पावशी भंगारवाल्याला देऊन टाकतात. वास्तविक पाते शाबूत असेल तर घरच्याच वस्तूंनी ती पुन्हा कामास येते.

लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळाले की गंज धरतो. मीठ लागले तर आणखी लवकर. म्हणून गंज काढणे हे अर्धेच काम. तो पुन्हा धरू न देणे, हे उरलेले अर्धे.

लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून दाट कोळ काढावा. तो गंजावर लावून तासभर ठेवावा. चिंचेतले आम्ल गंज सैल करते. मग जाडे मीठ घेऊन नारळाच्या शेंडीने घासावे. घासताना हात धारेकडे नेऊ नये. चिंच नसेल तर लिंबू चालते. बॅटरीचे अ‍ॅसिड मात्र कधीही वापरू नये.

आंबट किंवा मीठ अंगावर राहिले तर दुसऱ्याच दिवशी गंज दिसतो. म्हणून लाकडाच्या राखेने घासून स्वच्छ धुवावे, लगेच पुसावे आणि उन्हात किंवा चुलीच्या उबेला कोरडे करावे. पाते विस्तवात धरू नये. त्याचे पाणी उतरते.

शेवटी खाण्याच्या जवसतेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. हे तेल वाळून लोखंडावर पापुद्रा धरते. रंगाच्या दुकानातले जवसतेल भांड्यांना लावू नये. तेलाची चिंधी चुरगाळून ठेवली तर ती आपोआप तापून पेटू शकते. घरात कापूस साठवलेला असताना हा धोका लहान नाही. चिंधी लगेच पाण्यात भिजवावी व घराबाहेर टाकावी.

पाते लागले तर हळद भरून थांबू नये. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. जखम साबण-पाण्याने धुवून दवाखान्यात दाखवावी व इंजेक्शनची गरज आहे का ते विचारावे.

खोल खड्डे पडलेली पावशी लोहाराला दाखवावी. बाकीच्यांना रोज दोनच गोष्टी पुरतात : भाजी चिरून झाली की धुणे, आणि लगेच कोरडी पुसणे.