खानावळीचा हिशेब

गिरणगावाचा इतिहास आपण गिरण्या, युनियन आणि संप यांच्या तारखांनी सांगतो. पण गिरणी चालवणारा माणूस जेवत कुठे होता, असे विचारले की उत्तर दप्तरात कमी आणि घरोघरच्या आठवणींत जास्त सापडते.

कोकणातून आणि घाटावरून आलेले पुष्कळ कामगार बायकामुले गावी ठेवून एकटे राहत. एका गाळ्यात अनेक जण, पाळीप्रमाणे झोपत. त्यांचे जेवण चाळीतल्याच एखाद्या बाईकडे असे. माझी आजी लालबागच्या खोलीत चौदा जणांची खानावळ चालवी. गिरणीच्या तीन पाळ्या, म्हणून तिचा स्टोव्हही तीनदा पेटे. तिला लिहिता येत नव्हते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती प्रत्येक गड्याचा खाडा वेगळ्या खुणेने धरी: कुणाची फुली, कुणाचा टिंब.

या खुणांत गिरणगावाचे अर्थकारण आहे. पगार महिन्याने, भूक रोजची. मधल्या दिवसांचे धान्य आजी वाण्याकडून उधार आणी. म्हणजे कामगाराला महिनाभर उचल देणारी पेढी ही खानावळवालीच. बदली कामगाराला रोज काम मिळेलच असे नसे. मग त्याची बाकी पुढच्या महिन्यावर जाई. सावकाराच्या व्याजात या बायकांची कमाई जात असे, म्हणूनच १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळ जण गावी गेले; जे राहिले त्यांना आजीने काही महिने उधारीवर जेवू घातले. वाण्याचे देणे भागवताना तिच्या पाटल्या गेल्या. पुढे गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली, तेव्हा गिरणीत काम केल्याचे पुरावे लागले. आजीच्या कष्टांचा कागद कुठेच नव्हता. कॅलेंडरे तर दर वर्षी रद्दीत गेलेली.

अशा वेळी आठवण हाच दाखला. मात्र तो पारखून घ्यावा लागतो. मी आईला आणि मामाला वेगवेगळे विचारले आणि जुळले तेवढेच धरले. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘तेव्हा कसे होते?’ असे मोघम विचारू नये. किती जण जेवत, खाडा कसा कापत, वाण्याचे किती थकले, संपात काय गहाण पडले, हे विचारावे. आजीच्या चौदा गड्यांपैकी अकरा जणांची गावे आता माझ्या वहीत आहेत. उरलेल्या तिघांचा शोध चालू आहे.