आजार उलटल्यानंतर

शिरगावातील एका ज्येष्ठ गृहस्थांच्या यकृतातील गाठ शस्त्रक्रियेने काढली होती. दीड वर्षाने सोनोग्राफीत नवी गाठ दिसली. मुलगा हळूच म्हणाला, "डॉक्टर, बाबांना काही सांगू नका." बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते, त्यांना ते केव्हाच उमगले होते.

यकृताचा कर्करोग उलटणे विरळ नाही. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत तो पुन्हा उद्भवतो. गाठ निघाली तरी हिपॅटायटिस, मद्यपान वा चरबीमुळे निबर झालेले यकृत तेच राहते. गाठ लहान आणि यकृत सक्षम असेल, तर पुन्हा शस्त्रक्रिया, सुईने गाठ जाळणे किंवा तिचा रक्तपुरवठा बंद करणे शक्य असते. आजार पसरल्यास गोळ्या वा इम्युनोथेरपीचा विचार होतो. परंतु कावीळ, पोटात पाणी, गुंगी अशी यकृत थकल्याची लक्षणे असतील, तर या उपचारांचा लाभ कमी व त्रास अधिक होऊ शकतो. म्हणून "आणखी काय करता येईल?" यासोबत "त्यातून बाबांना काय मिळेल?" हेही तज्ज्ञांना विचारावे.

परिहारक उपचार म्हणजे हात टेकणे नव्हे. ते मुख्य उपचारांबरोबरच सुरू करता येतात. वेदनेसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेन परस्पर आणू नये. रक्तस्राव व मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका असतो. पॅरासिटामॉलही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच द्यावे. तीव्र वेदनेत मॉर्फिन देखरेखीखाली देता येते. २०१४च्या कायदादुरुस्तीने त्याची उपलब्धता सुलभ केली. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, कारण तिने गुंगी वाढते. झोपेची गोळी मनाने देऊ नये. जेवण थोडे थोडे द्यावे; डाळ, अंडे, दूध विनाकारण बंद करू नये. रक्ताची उलटी, काळी शौच, ताप किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरी सेवा अशक्य झाल्यास हॉस्पिसचा पर्याय असतो. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून हे कार्य करीत आहे.

त्या दिवशी मी बाबांना आत बोलावले व विचारले, "काका, आजाराविषयी किती जाणून घ्यायला आवडेल?" ते म्हणाले, "सगळे. फक्त दर आठवड्याला परळची खेप नको." मुलाच्या डोळ्यांत पाणी आले, परंतु त्या दिवसापासून पितापुत्र एकमेकांपासून काही लपवेनासे झाले. पुढील सर्व निर्णय त्यांनी मिळून घेतले.