त्सुदा उमे हिचें स्वदेशीं पुनरागमन

परदेशीं विद्यार्जनास निघणाऱ्या विद्यार्थ्याला निरोप देण्यास आप्तइष्टांची गर्दी जमते. तो परत येईल तेव्हां त्याच्यापुढें काय वाढून ठेवलेलें असेल, ह्याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कोणी उद्यां हा मार्ग धरील, म्हणून जपानांतील एका मुलीची हकीकत आम्ही येथें देत आहों.

१८६८ सालीं जपानांत राज्यक्रांति झाली. नव्या सरकारनें पाश्चात्त्य विद्या व राज्यव्यवस्था पाहण्यासाठीं १८७१ च्या डिसेंबरांत इवाकुरा तोमोमी ह्यांच्या नेतृत्वाखालीं एक शिष्टमंडळ योकोहामाहून अमेरिकेस धाडिलें. त्याच आगबोटींत पांच मुली होत्या. सुशिक्षित मातांवांचून राष्ट्र वर येत नाहीं, असा होक्काइदो बेटाच्या वसाहत-खात्याचे अधिकारी कुरोदा कियोताका ह्यांचा ग्रह झाला होता. त्या खात्यानें दहा वर्षांच्या मुदतीनें, सरकारी खर्चानें, ह्या मुली पाठविल्या. पांचही जणी यादवींत पराभूत झालेल्या पक्षाच्या सामुराई घराण्यांतल्या होत्या. ज्यांचें सर्वस्व आधींच गेलें होतें, त्यांनींच आपल्या लेकी समुद्रापार लोटिल्या, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

त्यांपैकीं अकरा वर्षांच्या यामाकावा घराण्यांतील मुलीचें नांव आईनें निघतांना बदलून ‘सुतेमात्सु’ असें ठेविलें. ‘सुते’ म्हणजे टाकून देणें, आणि ‘मात्सु’ ह्या उच्चाराचा एक अर्थ वाट पाहणें. मुलीला टाकतें आहें आणि तिची वाट पाहतें आहें, हें त्या माउलीनें एका नांवांत सांगून टाकिलें. सर्वांत धाकटी त्सुदा उमे. तिला सात वर्षें पुरीं व्हावयास अजून थोडे दिवस होते.

दोघी मोठ्या मुली १८७२ सालींच परतल्या. राहिल्या तिघी: सुतेमात्सु, नागाइ शिगे आणि उमे. उमे ही वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउन येथें चार्ल्स लॅनमन ह्यांच्या घरीं वाढली. ते जपानी वकिलातींत चिटणीस होते. त्यांना मूलबाळ नव्हतें, आणि त्यांच्या पत्नी ॲडेलिनबाई ह्यांनीं तिला पोटच्या मुलीसारखें वाढविलें. १८७३ सालीं तिनें बाप्तिस्मा घेतला. शाळेंत ती हुशार म्हणून गणली जाई. अकरा वर्षें अशीं गेलीं.

१८८२ च्या नोव्हेंबरांत उमे व सुतेमात्सु योकोहामास उतरल्या. उमे आतां सतरा वर्षांची झाली होती, आणि तिला आपली मातृभाषा येत नव्हती! वडील त्सुदा सेन इंग्रजी जाणत, हा एक मोठाच आधार. परंतु जन्मदात्या आईशीं दोन शब्द बोलावयाचे तरी मध्यें कोणी दुभाषी लागे.

ह्याचें आश्चर्य वाटावयास नको. सहा वर्षांच्या मुलाची भाषा कानांवर व ओठांवर असते. ती अक्षरांत बांधलेली नसते, आणि रोज बोलावयास कोणी नसलें म्हणजे हां हां म्हणतां उडून जाते. सुतेमात्सु जातांना मोठी होती. शिवाय तिचा वडील भाऊ केंजिरो तेव्हां न्यू हेव्हन येथेंच येल विद्यापीठांत शिकत होता व तो बहिणीला जपानीचे धडे देई. म्हणून तिला थोडें तरी बोलतां येत होतें. उमेला मात्र भाषाच काय, गुडघे मोडून जमिनीवर बसण्यापासून वडील माणसांसमोर कसें वागावें येथपर्यंत सर्व कांहीं नव्यानें शिकावें लागलें.

दुसरें संकट आमच्या मतें ह्याहूनही मोठें होतें. ज्या खात्यानें त्यांना पाठविलें, तें त्याच वर्षीं मोडण्यांत आलें होतें. केंजिरो १८७५ सालीं परतला आणि पुढें तोकियो विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचा अध्यापक झाला. सुतेमात्सु ही व्हासर महाविद्यालयाची पदवी घेऊन आली, अमेरिकन महाविद्यालयाची पदवी मिळविणारी पहिली जपानी स्त्री म्हणून. पण तिच्यासाठीं सरकारनें कोणतेंच काम योजून ठेविलें नव्हतें. मुली धाडण्याचा बेत बारकाईनें झाला. त्या आल्यावर त्यांचें काय करावयाचें, ह्याचा कागदच नव्हता. सुतेमात्सुनें १८८३ सालीं सेनापति ओयामा इवाओ ह्यांच्याशीं विवाह केला. तिच्या बालपणीं आइझुच्या किल्ल्याला वेढा घालणाऱ्या सैन्यांत हेच ओयामा होते! शिगेनें आरमारी अधिकाऱ्याशीं लग्न केलें व ती संगीत शिकवूं लागली.

उमेनें लग्न केलें नाहीं. लोकांच्या पैशानें आपण शिकलों, तें फेडलें पाहिजे, हा विचार तिला स्वस्थ बसूं देईना. शिष्टमंडळांतील एक प्रमुख इतो हिरोबुमी ह्यांच्या घरीं कांहीं काळ शिकवून, १८८५ सालीं ती सरदारघराण्यांच्या मुलींच्या शाळेंत शिक्षिका झाली. तेथून रजा घेऊन १८८९ ते १८९२ पर्यंत तिनें पुन्हां अमेरिकेंत, फिलाडेल्फियाजवळील ब्रिन मॉर महाविद्यालयांत, जीवशास्त्राचा अभ्यास केला. (ह्याच फिलाडेल्फियांत आमच्या डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांनीं १८८६ सालीं वैद्यकाची पदवी मिळविली होती. त्या स्वदेशीं परतल्या आणि थोड्याच महिन्यांत वारल्या.) बेडकाच्या अंड्यांविषयीं तिनें प्राध्यापक मॉर्गन ह्यांच्याबरोबर केलेलें संशोधन १८९४ सालीं प्रसिद्ध झालें; मॉर्गन ह्यांना पुढें १९३३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शास्त्रांत तिचा जम बसला असता. तरी ती परतली. येण्यापूर्वीं जपानी मुलींना अमेरिकेंत शिकतां यावें म्हणून तिनें तेथील स्त्रियांकडून निधि उभारला होता. ह्या खेपेस स्वदेशीं काय करावयाचें, तें मनाशीं ठरलेलें होतें.

१९०० च्या सप्टेंबरांत उमेबाईंनीं तोकियोंत मुलींसाठीं इंग्रजी विद्येची शाळा काढली. आरंभीं विद्यार्थिनी अवघ्या दहा. सुतेमात्सुबाई पाठीशीं होत्याच, आणि ज्यांच्या कुटुंबांत सुतेमात्सुबाई लहानाच्या मोठ्या झाल्या त्या ॲलिस बेकन अमेरिकेहून मदतीस आल्या. मुलींना इंग्रजी शिक्षिकेची सनद मिळून स्वतःच्या पायांवर उभें राहतां यावें, हा मुख्य हेतु. सरकारनें जें काम योजून ठेविलें नव्हतें, तें त्यांनीं असें स्वतः निर्माण केलें. १९२९ सालीं त्या वारल्या; आज ती शाळा त्सुदा विद्यापीठ म्हणून नांदत आहे, आणि २०२४ सालापासून जपानच्या पांच हजार येनच्या नोटेवर त्यांचें चित्र आहे.

स्वदेशीं आल्यावर त्या ॲडेलिनबाईंना वर्षानुवर्षें पत्रें लिहीत. त्यांपैकीं शेंकडों पत्रें १९८४ सालीं त्यांच्याच विद्यालयाच्या माळ्यावर सांपडलीं. परतल्यानंतरचे ते दिवस कसे गेले, हें आज आपणांस त्या पत्रांवरून कळतें. तीं सर्व इंग्रजींत आहेत.